जुम्म्याची गोळी

आकडा लॅबवाल्या जमीरला स्वतःलाच खरा वाटला नाही. त्यानं नळी हलवून पुन्हा मशीनला लावली. तोच आकडा. मग त्यानं जुबैदाभाबीला परत बोलावलं, दुसऱ्या हातातलं रक्त काढलं, काच रंगवून डोळा लावून एकेक पेशी मोजली, डॉक्टरांना कळवलं, आणि लॅब तशीच उघडी टाकून भाबीचा नवरा मुख्तार मिस्त्री याच्या दुकानाकडे चालत निघाला. फोन खिशात होता, पण ही गोष्ट फोनवर सांगायची नाही एवढं त्याला कळत होतं.

मुख्तारचं दुकान पुसदला दिग्रस रोडवर. फवारणीचे पंप दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. दोन हजार सतराचा ऑगस्ट चालू होता. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याला लागली होती, आणि अळी काही केल्या हटत नव्हती. लोक दिवसाआड फवारत होते, त्यामुळे पंपही दिवसाआड बिघडत होते. मुख्तारच्या समोर पायरीवर सतरा-अठरा पंप ओळीनं ठेवलेले होते. जमीर आला तेव्हा त्याच्या मांडीवर एक उघडा पंप होता.

"मुख्तारभाई, भगवानराव डॉक्टरांनी तुमाले आत्ताच बलावलं."

"काय निघालं? टायफाइड?"

"टायफाइड असता तर बरं होतं." जमीर खाली बसला. "भाबीच्या रक्तात पांढऱ्या पेशीच नाही राह्यल्या. चार हजाराच्या वर पाह्यजे, तेराशे आहे. अन् तापाशी लढणाऱ्या ज्या असतात, त्या तर दोनशेही नाही. बाकीच्या साऱ्या एकाच जातीच्या. मोठ्या मोठ्या, आत दाणे असलेल्या. मी आजलोक एका काचेवर एवढ्या नाही पाह्यल्या."

मुख्तारला त्यातलं फारसं समजलं नाही. पण जमीर त्याच्या डोळ्याला डोळा देत नव्हता, तेवढं समजलं. हातातला पान्हा त्यानं खाली ठेवला आणि हात न धुताच उठला.

जुबैदाला आठ दिवस ताप होता. तोंडात फोड आले होते, पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. काखेत एक गळू झालं होतं, ते पिकतही नव्हतं आणि बसतही नव्हतं. पण आजारपण तिला नवं नव्हतं. लेक गझाला दोन वर्षांची होती तेव्हापासून जुबैदाला गठिया होता. डॉक्टर त्याला आमवात म्हणायचे. सकाळी बोटं अशी आखडायची की दहा वाजेपर्यंत कप धरता येत नसे. कणीक मळायला मुख्तार शिकला होता. बायकोची वेणीही घालायचा तो, आणि गल्लीतल्या बाया हसल्या तरी त्याला त्याचं काही वाटत नसे. आता गझाला कॉलेजात बी.एस्सी.ला होती, म्हणजे सोळा-सतरा वर्षं या दुखण्यासोबत गेली होती. दुखणं घरातलंच होऊन गेलं होतं. त्याच्या आडून दुसरं काही येईल असं कोणाच्या मनातही नव्हतं.

भगवानराव डॉक्टर सत्तरीचे. त्यांनी रिपोर्ट पाहिला, जुबैदाच्या तोंडात बॅटरी मारली, आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

"आजच यवतमाळले न्या. उद्या नाही, आज. या रक्तावर ताप अंगावर काढला तर माणूस हातचं जाईल."

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात खाट मिळाली ती व्हरांड्यात. आतल्या वॉर्डात जागाच नव्हती. मुख्तार पाण्याची बाटली भरायला वॉर्डातून गेला आणि दारातच थांबला. दोन्ही बाजूंना गडीमाणसं पडलेली. कोणाच्या तोंडातून फेस, कोणाचे डोळे सुजून बंद. काहींचे हात पट्टीनं खाटेला बांधलेले होते, कारण ते हवेत काहीतरी पकडत होते, सलाईन उपटत होते. सगळे फवारणी करता करता पडलेले.

तिसऱ्या खाटेवर बाबुलाल होता. फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा बाबुलाल राठोड. दहा दिवसांपूर्वीच मुख्तारनं त्याच्या पंपाचं नोझल बदलून दिलं होतं. "आता पाह्य कसा फवारा उडते," असं म्हणून पाणी उडवून दाखवलं होतं.

"बाबुलाल," मुख्तार जवळ जाऊन म्हणाला.

बाबुलालनं मान फिरवली. डोळे उघडे होते, पण ते मुख्तारच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होते. "कोण होय? दिसून नाही राह्यलं मले," तो म्हणाला.

शेजारच्या खाटेजवळ एक म्हातारा बसला होता. त्यानं मुख्तारला विचारलं, तुमचं कोण आहे इथं, तुम्ही काय करता. मुख्तारनं सांगितलं. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"पंपाचं काम करता? मंग जहर तुमच्या घरातच येत असन रोज," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. जे दिसलं ते बोलला.

व्हरांड्यात येऊन मुख्तार जुबैदाच्या खाटेपाशी उभा राहिला आणि तिच्या हातांकडे पाहू लागला. कितीतरी वर्षं तो नोझल, वायसर, चाळण्या घरी घेऊन जायचा. जुबैदा कोमट पाण्याच्या तसराळ्यात ते टाकायची आणि जुन्या दात घासायच्या ब्रशनं एकेक साफ करायची. कोमट पाण्यात तिच्या बोटांना बरं वाटायचं. "आणा जी, आणखी असन तर आणा," म्हणायची. आणि तो आणत गेला.

"काय पाहून राह्यले?" जुबैदानं विचारलं. तोंडातल्या फोडांमुळे तिचे शब्द जडशीळ येत होते.

"काही नाही," तो म्हणाला.

नऊ दिवसांनी ताप उतरला आणि त्यांना घरी सोडलं. मुख्तारनं त्याच दिवशी दुकान बंद केलं. ऐन हंगामात. लोक घरी येऊन भांडले, आमचा पंप तर द्या म्हणाले. त्यानं पायरीवरचे सगळे पंप ज्याचे त्याला परत दिले, उघडे होते ते उघडेच. घरातलं तसराळं, ब्रश, वायसरचा डबा गावाबाहेर नेऊन पुरला. जुबैदाच्या जुन्या साड्या, ओढण्या, हात पुसायची फडकी, सगळं खळखळ उकळून काढलं. गझाला म्हणाली, "अब्बा, डॉक्टरांनी असं काही सांगतलं का?" तो म्हणाला, "मले सांगाची गरज नाही."

महिनाभर जुबैदाच्या अंगाला जहराचा थेंब लागला नाही. महिन्यानं जमीरनं पुन्हा रक्त तपासलं. बाराशे.

भगवानरावांनी या वेळी तिला टेबलावर आडवं केलं, डाव्या बरगडीखाली बोटं घालून बराच वेळ चाचपलं. पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली होती. ते खुर्चीत येऊन बसले, चष्मा काढला आणि म्हणाले, "मुख्तार, तुले खोटं नाही सांगत. हे मले समजून नाही राह्यलं. फवारणीचं जहर असं महिनोन् महिने पेशी खात नाही. तू नागपूरले जा. रक्ताचे डॉक्टर असतात तिथं." मग चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली. "ते आठवड्यातून एक दिवसाची गोळी चालू आहे ना गठियाची?"

मुख्तार म्हणाला, "बंद केली. दोन वर्षं झाले."

"कोणं बंद केली?"

"मी."

ती गोळी जुबैदा दर जुम्म्याला, शुक्रवारी, घ्यायची. आठवड्यातून एकदाच घ्यायची म्हणून चुकू नये, यासाठी मुख्तारनंच जुम्मा ठरवून दिला होता. घरात तिला नावच पडलं होतं, जुम्म्याची गोळी. दोन वर्षांपूर्वी नेहमीचं दुकान बंद होतं म्हणून तो दुसऱ्या मेडिकलमध्ये गेला. तिथला माणूस पट्टी हातात घेऊन म्हणाला, "घरात कोणाले कॅन्सर आहे का? हे तर कॅन्सरचं औषध होय." मुख्तार तसाच परत फिरला. घरी येऊन त्यानं डब्यातल्या साऱ्या गोळ्या नालीत टाकल्या. बायकोला आपण एवढी वर्षं काय खाऊ घातलं, या विचारानं त्या दिवशी त्याला जेवण गेलं नव्हतं. त्यानंतर जुबैदाचं काम नुसत्या दुखणं थांबवायच्या गोळ्यांवर चाललं होतं.

भगवानरावांनी हे ऐकलं आणि चिठ्ठीत दोन ओळी जास्त लिहिल्या.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंचं नाव निशिगंधा. पस्तिशीच्या असतील. माहेर वणीकडचं, त्यामुळे पेशंटशी वऱ्हाडीत बोलायच्या. त्यांनी जुबैदाची वाकडी झालेली बोटं हातात घेऊन आधी गठियाचंच सगळं विचारलं, मग रक्ताची काच स्वतः पाहिली. कमरेच्या हाडातून सुईनं मगज काढला. एक नळी मुंबईला पाठवली. रिपोर्टला पंधरा दिवस लागतील म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी तिघं गेले. खिडकीवर लिफाफा मिळाला आणि आत बोलवायला वेळ होता. गझालानं लिफाफा उघडला. मुख्तार तिच्या तोंडाकडे पाहत होता. तिची नजर कागदावरून खाली सरकत गेली, एका ठिकाणी अडकली, परत वर गेली, परत तिथंच आली.

"काय आहे?"

"काही नाही, अब्बा."

"गझाला, काय लिहिलं आहे?"

तिनं कागद घडी करायचा प्रयत्न केला, पण घडी नीट बसेना. "ल्युकेमिया लिहिलं आहे," ती पुटपुटली.

तो शब्द मुख्तारनं टीव्हीवर ऐकला होता. तो शब्द ज्यांच्या घरात यायचा त्यांचं पुढे काय व्हायचं, तेही त्याला माहीत होतं. त्याच्या कानात सूं असा आवाज सुरू झाला. समोर माणसं येत-जात होती, शिपाई नावं पुकारत होता, कोणीतरी डबा उघडून भाकर खात होतं, आणि हे सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं दिसत होतं. जुबैदा बाकावर बसून आपल्या चपलेचा पट्टा सारखा करत होती. तिला ऐकू गेलं की नाही, ते त्याला कळेना. तिच्याकडे पाहायची हिंमतही होईना.

आत गेल्यावर निशिगंधाबाईंनी गझालाच्या हातातला कागद पाहिला आणि त्यांच्या लक्षात आलं.

"वाचलं का? मंग आता सारे नीट बसा अन् पूर्ण ऐका. अर्धं ऐकून कोणी रडाचं नाही." त्यांनी खुर्ची जुबैदाच्या समोर ओढली. "रक्तात राखणदार पेशी असतात. बाहेरचा रोग आला की त्या वाढतात, त्याले मारतात, अन् काम झालं की स्वतः मरून जातात. तुमच्या गठियात ह्या राखणदार पेशी वर्षानुवर्षं आपल्याच सांध्यावर धावून जाऊन राह्यल्या. त्यातल्या एका टोळीनं मरणंच सोडलं. टी-पेशी म्हणतात त्याले. ती टोळी वाढत गेली अन् तापाशी लढणाऱ्या चांगल्या पेशींलेच मारू लागली. म्हणून ताप, म्हणून तोंडातले फोड. गठियाच्या लोकांत कधीमधी होते हे. हजारात एखाद्याले, पण होते."

"म्हणजे कॅन्सर," मुख्तार म्हणाला.

"नाव त्याच घरातलं आहे. पण हे जोरात धावणारं नाही. हळूहळू चालणारं आहे. माह्याकडे असे लोक आहेत, दहा-दहा वर्षं झाले, शेतात जातात, लग्नाले जातात."

जुबैदानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्हणजे मी आता मरून नाही राह्यली?"

"ह्या रोगानं आता तर नाही. पण ताप आला की त्याच दिवशी दवाखाना. ताप अंगावर काढाल तर मात्र खरं नाही."

"अन् जहर?" मुख्तारनं विचारलं. "माह्या पंपाचं?"

"तुमच्या पंपानं हे झालं असं म्हणायले माह्यापाशी काहीच पुरावा नाही. हा रोग जिथं पंप कोणी पाह्यला नाही, तिथंही होते. हातमोजे घाला, सामान घरात नेऊ नका, ते सगळ्यांसाठीच. पण हे पाप उगाच डोक्यावर घेऊ नका." त्यांनी पॅड ओढून लिहायला सुरुवात केली. "आता औषध. आठवड्यातून एक दिवस. बाकीच्या दिवशी ही पिवळी बारकी गोळी."

त्यांनी नाव मोठ्यानं वाचलं. मुख्तार उठून उभा राहिला. खुर्ची मागे पडली.

"हे तर तेच होय."

"कोणतं?"

"गठियाचं. जुम्म्याची गोळी. मी नालीत टाकलेली." तो डॉक्टरीणबाईंकडे पाहत राहिला. आपली कोणी चेष्टा करत आहे का, असं त्याला वाटून गेलं. "कॅन्सरचं औषध आहे म्हणून टाकलं होतं, बाई. कॅन्सर होईन म्हणून."

निशिगंधाबाईंनी पेन खाली ठेवला. भगवानरावांची चिठ्ठी त्यांच्यासमोरच होती.

"मी टाकलं नसतं तर हे झालं नसतं?"

"ते मी नाही सांगू शकत. कोणीच नाही सांगू शकत. दर आठवड्याले घेणाऱ्यांलेही हा रोग झालेला मी पाह्यला आहे. खाली बसा."

तो बसला नाही. खुर्ची उचलायचंही सुचलं नाही. शेवटी ती जुबैदानं वाकड्या बोटांनी ओढून सरळ केली.

पुसदला परतले तर गल्लीला आधीच खबर. दुसऱ्या दिवशी मुख्तारची मोठी बहीण आरिफा दिग्रसहून आली. दारातच तिनं टाहो फोडला आणि जुबैदाच्या गळ्यात पडली. तिच्या मागून शेजारच्या चार बाया आल्या, भिंतीला पाठ लावून बसल्या, पदर डोळ्याला. कोणीतरी म्हणालं, किती गरीब होती बिचारी. जुबैदा पलंगावर बसून हे पाहत होती.

"आपा," ती आरिफाला म्हणाली, "मले डाळ निवडाची आहे. गझाला कॉलेजात गेली. तुम्ही आल्याच तर एक ताट घ्या अन् तिकडे सरका."

बाया चपापल्या. आरिफाचा टाहो मध्येच तुटला. मुख्तार चुलीपाशी उभा होता, त्याला हसू आलं की रडू, ते त्यालाच कळलं नाही. तो मागच्या दारानं बाहेर गेला आणि नळाखाली डोकं धरून उभा राहिला.

पहिल्या जुम्म्याला गोळी त्यानं स्वतः तिच्या तळहातावर ठेवली. जे औषध विष समजून टाकलं, तेच आता हातानं भरवायचं होतं, आणि मनाची समजूत काही केल्या पटत नव्हती. "ज्या रक्तात पेशी नाही, त्याले पेशी दाबणारं औषध देतात का?" असं त्यानं भगवानरावांना दोनदा विचारलं. ते म्हणाले, उलटं वाटते खरं, पण ती टोळी दबली की चांगल्या पेशींचा जीव वाचते.

नोव्हेंबर गेला. तेराशे. डिसेंबरात हजार. डिसेंबरच्या शेवटी जुबैदाला हुडहुडी भरली आणि ताप एकशे चारवर गेला. तासाभरात मुख्तारनं जीप ठरवून तिला यवतमाळला नेलं. या वेळी वॉर्डात खाट मिळाली, फवारणीचे लोक गेले होते. त्यातले काही घरी गेले होते, काही नाही. बाबुलालचं काय झालं, हे विचारायला मुख्तारची जीभ उचलेना. एका नर्सनं आपणहून सांगितलं, तो तांड्यावर परत गेला, एका डोळ्यानं अंधुक दिसतं म्हणे. सहा दिवस जुबैदा इंजेक्शनांवर होती. सहाव्या दिवशी तिनं चहा मागितला.

मार्चात जमीर पुन्हा चालत आला. मुख्तारनं तोवर दुकान उघडलं होतं. बाहेर पाटी होती की पंप घरून धुऊन आणावा, आणि त्याच्या हातात कोपरापर्यंत रबरी मोजे होते. जमीरला रस्त्यावरून येताना पाहून त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. मागच्या वेळी असाच चालत आला होता तो.

"तीन वेळा मोजलं," जमीर म्हणाला. "तीन हजार दोनशे. लढणाऱ्या पेशी सोळाशे."

मुख्तार नुसता बघत राहिला. जमीरला वाटलं त्याला ऐकू आलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं. मुख्तारनं रिपोर्ट घेतला, उलटा धरला, सुलटा केला, नाव वाचलं. जुबैदा मुख्तार शेख. नाव बरोबर होतं. तरी तो म्हणाला, "दुसऱ्या हाताचं काढून पाह्य."

एप्रिलात नागपूर. निशिगंधाबाईंनी बरगडीखाली चाचपलं, पानथरी जवळपास हाताला लागत नव्हती. त्या खूश दिसल्या, पण स्पष्ट बोलल्या, "टोळी गेली नाही. दबून आहे. गोळी चालू ठेवाची, महिन्याले रक्त तपासाचं. हे असंच चालू राह्यलं तर आपण लय वर्षं भेटत राहू." जुबैदानं रमजानचे रोजे धरू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, या साली नको, पुढच्या साली पाहू.

बाहेर फाटकाजवळ उसाच्या रसाची गाडी होती. मुख्तार म्हणाला, रस नको, बाहेरचं नको. जुबैदा सावलीत कट्ट्यावर बसली. तोही शेजारी बसला आणि सहा महिने जे बोलायचं होतं ते एकदाचं बोलला.

"त्या गोळ्या मी टाकल्या नसत्या तर बरं झालं असतं. तू मले कधी एक शब्द नाही म्हटलं."

जुबैदा त्याच्याकडे बघून थोडी हसली. "कायले म्हणू? मले तर बरंच वाटलं होतं. ते गोळी खाल्ली की दोन दिवस पोटात मळमळ राह्यची. अन्नाचा वासही नको वाटे. तुम्ही नसती टाकली, तर मीच टाकली असती."

एवढ्या वर्षांत हे त्याला माहीत नव्हतं. त्याच घरात, त्याच चुलीपाशी कणीक मळताना, त्याला दिसलं नव्हतं.

"अन् आता?" त्यानं विचारलं. "आता होते का मळमळ?"

"होते ना. शनिवारी उठवत नाही."

"सहा महिने झाले! काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं," जुबैदा म्हणाली, "तर तुम्ही पुन्हा नालीत टाकली असती."

तो उठला, तिच्या हाताला धरून उठवलं आणि परत आत घेऊन निघाला. ती म्हणत होती, अहो, चारची गाडी आहे, ती गेली तर उशीर होईल. शिपाई म्हणाला, नंबर संपले. मुख्तार म्हणाला, आमचा संपला नव्हता, एक गोष्ट सांगायची राह्यली. त्याच्या आवाजात असं काही होतं की शिपायानं दार सोडलं. निशिगंधाबाई पर्स खांद्याला लावून निघायच्या बेतात होत्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि पर्स परत टेबलावर ठेवली.

"सांग," मुख्तार बायकोला म्हणाला. "स्वतःच्या तोंडानं सांग बाईले. सारं."

आणि चारची गाडी गेली तरी जुबैदा सांगतच होती.